ट्यूनिंगनंतर गाडी झटके देते : दोष कोठे शोधावा?

मोठ्या शहरात जाऊन सी.एन.जी. किट बसवायचे, संगणकावर रीतसर ट्यूनिंग करून घ्यायचे आणि गाडी घेऊन धाराशिवला परतायचे, असा क्रम आता आपल्या जिल्ह्यातही रूढ झाला आहे. गॅस वितरणाच्या नवव्या फेरीत २०१८ साली लातूर व उस्मानाबाद (२०२३ पासून अधिकृत नाव धाराशिव) या जिल्ह्यांचे क्षेत्र ठरले आणि त्यानंतर या भागात गॅस मिळू लागला. पेट्रोलचा खर्च झेपत नाही म्हणून टॅक्सीवाले, छोटे व्यापारी, फिरते विक्रेते जुन्या पेट्रोल गाड्यांना किट बसवून घेतात.

गाडी घरी येते. चार दिवस बरी चालते. मग मालक ओळखीच्या गॅरेजसमोर येऊन उभा राहतो. तक्रारी ठरलेल्या असतात. सिग्नलला बंद पडते. दुसऱ्या गिअरमध्ये झटके देते. चढावर ओढत नाही. सकाळी गॅसवर गेली की मिसिंग करते. इंजिनचा दिवा लागतो. मालक म्हणतो, "मिस्त्री, ट्यूनिंग तर चांगल्या माणसाकडून केले, मग असे का?"

येथे आपल्या कारागीर बंधूंकडून दोनपैकी एक गोष्ट होते. काही जण गाडी न तपासताच "ट्यूनिंग बिघडले" म्हणतात आणि लॅपटॉप जोडून आकडे बदलू लागतात. काही जण आधी प्लग, मग कॉईल, मग सेन्सर, मग इंजेक्टर असे एकेक सुटे भाग बदलत जातात. दोन्ही वाटांनी गिऱ्हाईकाचा पैसा जातो, आपला दिवस जातो आणि दोष तेथेच राहतो. तुळजापूरच्या नवरात्रात टॅक्सी दोन दिवस उभी राहिली तर त्या मालकाचे काय नुकसान होते, हे टॅक्सीवालाच जाणे.

या लेखात एकच मुद्दा सविस्तर मांडावयाचा आहे. ट्यूनिंग म्हणजे माप आहे. शिंप्याने माप घेताना माणूस वाकून उभा असेल तर शिवण कितीही उत्तम असली तरी सदरा अंगाला बसत नाही. त्याचप्रमाणे ट्यूनिंग करताना इंजिनात एखादा दोष दडलेला असेल किंवा नंतर तो निर्माण झाला असेल, तर उत्तम ट्यूनिंगसुद्धा निरुपयोगी ठरते. म्हणून आधी इंजिन निर्दोष आहे याची खात्री करावी आणि आकड्यांना हात सर्वांत शेवटी लावावा.

किट काम कसे करते?

आजकाल इंजेक्शनच्या गाड्यांना जे किट बसते त्याला सिक्वेन्शियल किट म्हणतात. त्याची रचना समजली तर निम्मे काम झाले.

गाडीचा मूळ संगणक, म्हणजे ई.सी.यू., पेट्रोल इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवतो. हा वेळ मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. गॅसवर गेल्यावर किटचा दुसरा संगणक हा इशारा मध्येच अडवतो, त्याला एका आकड्याने गुणतो आणि तेवढा वेळ गॅसचा इंजेक्टर उघडतो. गुणायच्या या आकड्यांचा जो तक्ता असतो, त्यालाच मॅप म्हणतात. ट्यूनिंग करणारा हाच तक्ता बसवतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की, गॅसवर चालतानाही मूळ ई.सी.यू. झोपलेला नसतो. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला मिश्रण जाड आहे की पातळ हे सांगत राहतो. त्यानुसार ई.सी.यू. आपला वेळ कमी-जास्त करतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. त्यातली तात्पुरती दुरुस्ती वेगळी आणि शिकून लक्षात ठेवलेली दुरुस्ती वेगळी. म्हणून गॅसचा मॅप चुकीचा असेल तर ई.सी.यू. चुकीचाच धडा शिकतो आणि काही दिवसांनी गाडी पेट्रोलवरही बिघडल्यासारखी चालू लागते. हे ठाऊक नसलेला मिस्त्री पेट्रोल पंप आणि पेट्रोल इंजेक्टर खोलून बसतो.

दोष कोणता आणि स्वभाव कोणता?

प्रत्येक तक्रार हा दोष नसतो. सी.एन.जी. हा वायू आहे. इंजिनात जाताना तो हवेची जागा घेतो. योग्य मिश्रणात सुमारे साडेनऊ टक्के जागा गॅसचीच असते. म्हणजे तेवढी हवा कमी जाते आणि ताकद सुमारे दहा टक्के कमी भासते. हा गॅसचा स्वभाव आहे, कोणत्याही ट्यूनिंगने तो पूर्ण जात नाही. तो घालवण्यासाठी मॅपमध्ये गॅस वाढवत नेला तर ताकद वाढत नाही, फक्त गॅस जास्त जातो.

आपल्या भागाची उंचीही लक्षात घ्यावी. धाराशिव शहर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. मुंबईच्या तुलनेत येथे हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला मुंबईत बसवलेले मिश्रण येथे थोडे जाड पडते. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने हा फरक स्वतः भरून काढते, पण कमी झालेली ताकद तीही परत आणू शकत नाही.

म्हणून मालकाला आधीच स्पष्ट सांगावे की, चढावर गाडी थोडी कमी ओढेल, हे गॅसमुळे आहे. पण झटके, मिसिंग, बंद पडणे, ठोकण्याचा आवाज आणि पेटलेला दिवा हे मात्र दोष आहेत. "चालवत राहा, बसेल हळूहळू" हा सल्ला कोणी देऊ नये. मिसिंग करणाऱ्या गाडीतले न जळलेले इंधन सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग वितळू शकतो. भाराखाली मिश्रण पातळ राहिले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून खराब होतो. काही शे रुपयांचे काम मग इंजिन उघडण्यावर जाते.

आधी प्रश्न, मग पाना

बॉनेट उघडण्यापूर्वी मालकाला पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.

१) दोष फक्त गॅसवर येतो, फक्त पेट्रोलवर येतो की दोन्हींवर?
२) इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर?
३) उभ्या गाडीत येतो, हळू चालताना येतो, की भार पडल्यावर?
४) गॅसची टाकी भरलेली असताना येतो की संपत आल्यावर?
५) ट्यूनिंगनंतर लगेच सुरू झाला की काही दिवसांनी?
६) मधल्या काळात कोणी प्लग, फिल्टर, बॅटरी बदलली किंवा पाण्याने इंजिन धुतले काय?

पाचवा व सहावा प्रश्न विशेष महत्त्वाचे आहेत. ट्यूनिंगच्या दिवसापासूनच दोष असेल तर बसवणी किंवा मॅप यांवर संशय घ्यावा. गाडी पंधरा दिवस उत्तम चालून मग बिघडली असेल तर मॅप आपोआप बदललेला नसतो. काहीतरी सैल झाले, गळले, तुंबले किंवा झिजले आहे असे समजावे.

यानंतर मालकाला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवून पाहावी. शक्य तर एक भाग सपाट रस्त्यावर आणि एक भाग तुळजापूरच्या किंवा येडशीच्या घाटात चालवावी. मालक ज्याला झटका म्हणतो ते मिसिंग आहे, क्लच घसरणे आहे की इंजिनचे माउंटिंग तुटलेले आहे, हे चालवल्याशिवाय कळत नाही.

पहिली कसोटी : पेट्रोल

फुकट होणारी आणि सर्वांत मोठी चाचणी म्हणजे गाडी पेट्रोलवर चालवून पाहणे. दोष फक्त गॅसवर असेल तर गॅसचा दाब, गॅस इंजेक्टर, नळ्या, वायरिंग, मॅप आणि ठिणगी एवढ्यांतच शोध घ्यावा लागतो. दोष दोन्ही इंधनांवर सारखाच असेल तर हवेची गळती, सेन्सर, कॉम्प्रेशन, थ्रॉटल यांकडे वळावे. गॅसच्या किटला तूर्त हात लावू नये.

मात्र येथे दोन सावधगिऱ्या हव्यात. पहिली अशी की, अनेक मालक पेट्रोलच्या टाकीत महिनोन्महिने थोडेसेच जुने पेट्रोल ठेवतात. अशा पेट्रोलवर घेतलेली चाचणी फसवी असते आणि कोरडा चाललेला पंपही लवकर जातो. चाचणीपूर्वी पाचेक लिटर ताजे पेट्रोल भरावे. दुसरी अशी की, चुकीच्या गॅस मॅपमुळे ई.सी.यू.ने उलटा धडा शिकलेला असू शकतो. म्हणून पेट्रोलवर सलग पंधरा-वीस किलोमीटर चालवावी. गाडी सुरुवातीला बिघडलेली आणि हळूहळू सुधारत गेली, तर मूळ दोष गॅसकडे आहे असा निष्कर्ष निघतो.

क्रमाने तपास

क्रम असा ठेवावा की स्वस्त आणि सोपी तपासणी आधी, महाग आणि वेळखाऊ नंतर.

हवा. एअर फिल्टर काढून पाहावा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ एवढी असते की कंपनीच्या मुदतीपर्यंत फिल्टर तग धरत नाही. त्यानंतर मॅनिफोल्ड पाहावे. किट बसवताना मॅनिफोल्डला प्रत्येक सिलिंडरसाठी छिद्र पाडून नोझल बसवतात. नोझल नीट सील झाले नसेल तर तेथून जास्तीची हवा आत जाते. व्हॅक्यूमच्या नळीला जोडलेला टी सैल असणे हीसुद्धा नेहमीची गोष्ट आहे. अशा गळतीची खूण म्हणजे आयडलिंग वर-खाली होते, पण रेस दिली की गाडी बरी चालते.

मॅप सेन्सर तपासण्याची एक सोपी पद्धत आहे. (हा सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. ट्यूनिंगच्या मॅपशी त्याच्या नावाचा गोंधळ करू नये.) इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली चालू करावी आणि स्कॅनरवर दाब पाहावा. धाराशिवात तो ९३ ते ९५ किलोपास्कलच्या आसपास दिसला पाहिजे, कारण येथल्या हवेचा दाबच तेवढा आहे. सखल भागात किंचित जास्त दिसेल. १०५ किंवा ८० दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटे सांगत आहे. इंजिन गरम करून आयडलिंगला आणल्यावर निरोगी इंजिनात हा आकडा साधारण ३० ते ४० वर येतो. ५०च्या वर राहत असेल तर हवेची गळती, व्हॉल्व्ह किंवा टायमिंग यांकडे पाहावे. किटचा स्वतंत्र दाब-सेन्सर असेल तर त्याचा आकडाही याच रीतीने पडताळावा.

ठिणगी. सी.एन.जी.च्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. म्हणून थकलेला प्लग किंवा कमजोर कॉईल पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर भार पडताच मिसिंग करते. अशी गाडी मालकाला "गॅसचा दोष" वाटते, पण दोष ठिणगीचा असतो. प्लग काढून गॅप मोजावी. अनेक किटवाले गॅसच्या गाडीला ०.७ ते ०.८ मिलिमीटर गॅप ठेवतात. तरी गाडीच्या आणि किटच्या पुस्तिकेत दिलेला आकडा प्रमाण मानावा.

कॉईल तपासायला नवी कॉईल विकत आणण्याची गरज नाही. स्कॅनरवर पी-०३०२ असा कोड आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉईलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी चालवावी. कोड बदलून पी-०३०३ झाला तर कॉईलच खराब. कोड दुसऱ्यावरच राहिला तर कॉईल निर्दोष. चालू इंजिनात कॉईल उपटून पाहण्याची जुनी सवय मात्र सोडून द्यावी. हाताला झटका बसतो आणि कच्चे इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते.

गॅसचा दाब. टाकीत भरतेवेळी दाब सुमारे २०० बार असतो. रेड्युसर तो उतरवून इंजेक्टरपाशी किटनुसार साधारण दीड ते अडीच बारवर आणतो. उभ्या गाडीत दाब बरोबर दिसतो म्हणून समाधान मानू नये. लॅपटॉप जोडून चढावर गाडी चालवावी. भार पडताच दाब दोनवरून दीडवर घसरत असेल तर गॅस फिल्टर तुंबला आहे, टाकीचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे किंवा रेड्युसर थकला आहे. गॅसबरोबर पंपाच्या कॉम्प्रेसरचे तेल येते आणि ते फिल्टरमध्ये व इंजेक्टरमध्ये साठते, हेही लक्षात ठेवावे.

दाब उतरताना गॅस थंड होतो. रेड्युसर गोठू नये म्हणून त्यात इंजिनचे गरम पाणी फिरवलेले असते. कूलंट कमी असेल किंवा नळीत हवा अडकली असेल तर रेड्युसर थंड पडतो, त्यावर बर्फ धरतो आणि लांबच्या प्रवासात गाडी दम सोडते. गाडी सोलापूरपर्यंत ठीक जाते आणि पुढे ओढत नाही, अशी तक्रार आली की आधी रेड्युसरला हात लावून पाहावा. तो गरम लागला पाहिजे.

इंजेक्टर, नळ्या व वायरिंग. गॅस इंजेक्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या नळ्या आखूड आणि सारख्या लांबीच्या असाव्यात. एक नळी वीतभर आणि दुसरी हातभर असेल तर गॅस सिलिंडरपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोहोचतो. मग आयडलिंगला थरथर आणि हळू चालताना झटके येतात. ट्यूनिंगने हे जात नाही, नळ्याच बदलाव्या लागतात. तसेच पेट्रोल इंजेक्टरच्या वायर कापून जोडताना दोन सिलिंडरची अदलाबदल झाली आहे काय, हे एकेक वायर मोजून पाहावे.

कोणता इंजेक्टर दोषी आहे हे शोधण्याची सोय बहुतेक किटच्या सॉफ्टवेअरमध्येच असते. गाडी गॅसवर चालू ठेवून एकेक सिलिंडर पेट्रोलवर टाकता येतो. तिसरा सिलिंडर पेट्रोलवर टाकताच मिसिंग थांबले, तर तिसऱ्याचाच गॅस इंजेक्टर, नळी किंवा नोझल तपासावे. सकाळी थंडीत मिसिंग आणि तापल्यावर ठीक, ही तेलाने चिकटलेल्या इंजेक्टरची खूण आहे.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नये. किटची अर्थिंग बॉडीच्या रंगावर स्क्रूने दाबलेली असेल तर ती काढून बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा स्वच्छ घासलेल्या जागी जोडावी. पावसाळ्यात अधूनमधून येणाऱ्या आणि गॅरेजमध्ये कधीच न सापडणाऱ्या दोषांचे मूळ अनेकदा येथेच असते.

व्हॉल्व्ह. गॅस कोरडे इंधन आहे. बऱ्याच किलोमीटरनंतर व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. कॉम्प्रेशन उतरते आणि गाडी दोन्ही इंधनांवर उभ्यानेच मिसिंग करते. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नये. फट कमी झाली की आवाज उलट कमी होतो. फीलर गेजने फट मोजावी आणि कॉम्प्रेशन घ्यावे. सिलिंडर-सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ट्यूनिंगचा विषयच बाजूला ठेवावा.

आता ट्यूनिंगकडे

वरील सर्व निर्दोष आढळल्यावरच मॅपकडे वळावे. आधी सध्याचा मॅप लॅपटॉपमध्ये जतन करावा. दुसऱ्याचे काम पुसून टाकल्यावर परतीची वाट राहत नाही.

इंजिन पूर्ण गरम करावे. एकसारख्या वेगाने, समजा ३,००० फेऱ्यांवर, गाडी पेट्रोलवर चालवावी आणि पेट्रोल इंजेक्टरचा वेळ टिपावा. समजा तो ५ मिलिसेकंद आला. त्याच वेगाने, त्याच भाराने गॅसवर टाकावी. वेळ पाचच्या जवळ राहिला तर मॅप बरोबर. तो वाढून ६ झाला तर ई.सी.यू. जास्त इंधन मागत आहे, म्हणजे गॅस कमी पडतो आहे. त्या भागातला गुणक वाढवावा. तो घटून ४ झाला तर गॅस जास्त जातो आहे, गुणक कमी करावा. हीच तपासणी आयडलिंग, मध्यम भार आणि जास्त भार अशा निरनिराळ्या ठिकाणी करावी. फक्त उभ्या गाडीत केलेले ट्यूनिंग रस्त्यावर टिकत नाही, कारण भाराखालचे रकाने कोणी भरलेलेच नसतात.

स्कॅनरवरचा ट्रिमही सोबत पाहावा. तो अधिक-उणे पाच टक्क्यांत असेल तर उत्तम, दहापर्यंत चालेल. वीस-पंचवीसवर गेला की पातळ मिश्रणासाठी पी-०१७१ किंवा जाड मिश्रणासाठी पी-०१७२ कोड येऊन दिवा लागतो. हा कोड नुसता पुसणे म्हणजे ताप न पाहता थर्मामीटर झटकण्यासारखे आहे.

गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. म्हणून काही किटबरोबर ठिणगी लवकर पाडणारे यंत्र बसवतात. ते यंत्र पेट्रोलवर आल्यावरही चालू राहिले तर इंजिन ठोकू लागते. गाडी गॅसवर शांत आणि पेट्रोलवर चढावात ठोकते, असे दिसले की त्या यंत्राची जोडणी पाहावी.

सर्व दुरुस्ती झाल्यावर जुना शिकलेला ट्रिम पुसावा, वीस-तीस किलोमीटर चालवावे आणि पुन्हा आकडे घ्यावेत. त्याआधी गाडी मालकाच्या हवाली करू नये.

एक उदाहरण

समजा, उमरग्याची एक टॅक्सी आली. तक्रार अशी : गॅसवर चढावात झटके, इंजिनचा दिवा, पेट्रोलवर जवळजवळ ठीक. मालक म्हणतो, दोन ठिकाणी ट्यूनिंग करून झाले.

क्रमाने जाऊ. पेट्रोलवर वीस किलोमीटर चालवली, बरी चालली. म्हणजे कॉम्प्रेशन व हवेची गळती यांची शक्यता कमी. किल्लीवर मॅप सेन्सर ९४ दाखवतो, म्हणजे सेन्सर बरोबर. ट्रिम गॅसवर सपाटीत अधिक चार, पण चढावात अधिक अठरा. म्हणजे भाराखाली गॅस कमी पडतो. येथे घाई करणारा माणूस मॅपमधला गुणक वाढवील आणि दिवा काही दिवस विझेल. आपण दाब पाहू. सपाटीत दोन बार, चढावात दीड. गॅस फिल्टर उघडला तर तेलाने काळा. फिल्टर बदलला, दाब स्थिर राहिला, ट्रिम चारवर आला. मॅपला हात लावण्याची गरजच पडली नाही.

गुणक वाढवला असता तर काय झाले असते? फिल्टर आणखी तुंबत गेला असता आणि झटके परत आले असते. पुढे कोणीतरी फिल्टर बदलताच तोच वाढवलेला गुणक गॅस जास्त ओतू लागला असता. दोष झाकण्यासाठी केलेले ट्यूनिंग असे उलटते.

डिझेल गाड्यांविषयी थोडे

जीप, पिकअप यांसारख्या टर्बो डिझेल गाड्यांचा संगणक नव्याने भरून ताकद वाढवण्याची टूम आपल्याकडेही आली आहे. नियम तोच. रिमॅपिंगनंतर काळा धूर आणि ओढ कमी, असे झाले तर आधी टर्बोपासून इंजिनपर्यंतच्या नळ्यांना चीर आहे काय ते पाहावे. वाढलेला दाब जुन्या रबराला पेलत नाही. फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. गाडी अचानक दम सोडते आणि किल्ली बंद-चालू केल्यावर ठीक होते, तर संगणकाने स्वतःच्या बचावासाठी ताकद तोडली आहे. कोड वाचावा. अशा गाडीवर पूर्ण भार टाकून उन्हाळ्यात घाट चढणे हे इंजिनशी जुगार खेळणे आहे. मालकाला मूळ मॅप परत घालून घेण्याचा सल्ला देण्यात संकोच करू नये.

गॅस आणि कायदा

गॅसचा वास येत असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह आधी बंद करावा, किल्ली फिरवू नये, गाडी ढकलत मोकळ्या हवेत आणावी. गळती साबणाच्या पाण्याने शोधावी, काडी पेटवून कधीही नाही. सी.एन.जी. हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो आणि छताखाली साठतो. एल.पी.जी. जड असल्याने खड्ड्यात साठतो. म्हणून एल.पी.जी.ची गाडी पिटवर घेऊ नये. टाकीची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रातून व्हावी लागते. मुदत संपलेल्या टाकीच्या गाडीवर काम करताना मालकाला लेखी सूचना द्यावी.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत बदल केल्यास चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते. किट मान्यताप्राप्त असावे आणि आर.सी. पुस्तकात इंधनाची नोंद झालेली असावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. विमा कंपनीलाही किटची माहिती दिलेली असावी, नाहीतर अपघातानंतर दावा अडतो. आर.सी.वर नोंद नसलेली गाडी आपल्याकडे आली तर आधी नोंद करून घेण्यास सांगावे.

वही, हिशेब आणि विश्वास

या कामाला फार मोठे भांडवल लागत नाही. साधा स्कॅनर, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज आणि किटची केबल एवढे पुरते. बी.एस. ४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओ.बी.डी.-२ ची जोडणी आवश्यक झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांचे आकडे स्वस्त स्कॅनरवरही वाचता येतात.

सर्वांत उपयोगी हत्यार म्हणजे वही. गाडीचा क्रमांक, किलोमीटर, तक्रार, काम करण्यापूर्वीचे आकडे आणि नंतरचे आकडे लिहावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही आणि हाताखालचा पोरगाही काही शिकत नाही. वर्षभराची वही झाली की ती शिकाऊ मुलांसाठी पाठ्यपुस्तकासारखी होते.

तपासणीची मजुरी वेगळी सांगावी आणि ती घेण्यात संकोच करू नये. आपल्याकडे मजुरी फक्त पाना फिरवण्याची मानली जाते, म्हणून कारागीर सुट्या भागांवर कमाई काढू पाहतो आणि नको ते भाग बदलले जातात. "दोष शोधायचे एवढे, मग दुरुस्तीचे वेगळे" असे आधी सांगितले तर गिऱ्हाईक कुरकुर करील, पण फसवले गेल्याची भावना त्याला राहणार नाही. काढलेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा. ज्याने आधी ट्यूनिंग केले त्याला गिऱ्हाईकासमोर नावे ठेवू नयेत. त्याला फोन करून आपले आकडे सांगावेत. अनेकदा तोच योग्य मॅप पाठवून देतो आणि पुढे कामही पाठवतो.

लोक आपली गाडी, म्हणजे आपली रोजी, विश्वासाने आपल्या स्वाधीन करतात. ती अमानत आहे. दोष सापडला नाही तर "सापडला नाही" असे सांगून तपासणीपुरतेच पैसे घेणारा मिस्त्री गिऱ्हाईक गमावत नाही. अंदाजाने भाग बदलणाऱ्याकडे मात्र माणूस दुसऱ्यांदा येत नाही.